तक्रार म्हणजे वैर नव्हे

(गडब, ता. पेण येथे ग्रामस्थांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. पोलीस ठाण्याच्या बाबतीत तर आपण ती अधिकच निष्ठेने पाळतो. ठाण्यात कुणाचा अपमान झाला, फिर्याद घेतली नाही, पैसे मागितले, हात उगारला, तर आपण पारावर बोलतो, टपरीवर बोलतो, घरी येऊन चडफडतो. कागदावर मात्र लिहीत नाही. आणि जे लिहिले गेले नाही, ते शासनाच्या लेखी घडलेच नाही! म्हणून आजच्या विषयाचे सार आरंभीच सांगतो. पोलिसांच्या गैरवर्तनाविरुद्ध तक्रार लिहून करावी, पोच घेऊन करावी आणि एकट्याने करू नये.

तक्रार करणे म्हणजे पोलिसांशी वैर धरणे, असा एक गैरसमज आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर केवळ लाठी हाती असताना तुकाराम ओंबळे यांनी दहशतवाद्याच्या बंदुकीची नळी छातीशी धरून ठेवली. तो गणवेश आपल्याला वंद्यच आहे. परंतु वंदनीय वस्त्राचा गैरवापर करणाऱ्याला वेगळे काढणे, हाच त्या वस्त्राचा सन्मान होय. ही दृष्टी आपल्याला परकी नाही. चिपळूणच्या परिसरात तळ देऊन राहिलेल्या आपल्याच लष्कराच्या अधिकाऱ्यांना शिवछत्रपतींनी पत्र लिहून बजावले होते की, लागेल ते दाम मोजून घ्या, रयतेस तोशीस देऊ नका. नाहीतर लोक म्हणतील, यापेक्षा मोगल बरे. राज्याच्या शिपायाला जाब विचारणे म्हणजे राज्याशी द्रोह नव्हे, हे या कोकणच्या भूमीत साडेतीनशे वर्षांपूर्वीच सांगितले गेले आहे.

एका साध्या कागदात किती सामर्थ्य असते, याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. मे १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कारागृहातील पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी थेट सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि १५ फेब्रुवारी १९८३ रोजी निर्णय दिला. महिलांसाठी स्वतंत्र कोठडी असावी व तेथे महिला पोलीसच असाव्यात, अटक होताच नातलगाला कळवावे, कायदेविषयक साहाय्य मिळावे, असे निर्देश त्यात होते.

त्यातलाच एक निर्देश आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतो. अटक झालेल्या व्यक्तीला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. तेव्हा ‘पोलिसांनी तुमचा छळ केला काय?’ असे दंडाधिकाऱ्यांनी स्वतः विचारायचे असते आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे, हेही सांगायचे असते. म्हणजे कोठडीतील अत्याचाराची तक्रार करण्याचे पहिले स्थान न्यायालय हेच आहे. पण तिथे बहुतेक जण खाली मान घालून ‘काही तक्रार नाही’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी आपण वकील शोधत फिरतो. आपल्या माणसाला हे आधी सांगून ठेवा. कोठडीतील व्यक्तीला विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.

आता मार्ग क्रमाने पाहू. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवून घेणे ही पोलिसांची मेहेरबानी नव्हे, ते बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिताकुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी स्पष्ट केले. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद घ्यावीच लागते आणि तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. ठाण्याने नकार दिला, तर तीच हकिकत लिहून टपालाने अलिबागला पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. तेथेही दाद लागली नाही, तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. अधीक्षकांकडे आधी अर्ज केला होता, हे तिथे दाखवावे लागते. पोच जपून ठेवा, असे मी म्हणतो ते याचसाठी.

लाच मागितली असेल, तर ती देण्यापूर्वी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर कळवावे. मानवी हक्कांचा भंग झाला असेल, तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे अर्ज करावा. मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत.

यांखेरीज केवळ पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी एक संस्था आहे : राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी अशा प्राधिकरणाचा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली आणि प्रत्यक्ष काम सुरू व्हायला २०१७ उजाडले. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार वा तसा प्रयत्न, नियमबाह्य अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन अथवा घर बळकावणे अशा बाबींची चौकशी ते करू शकते. पीडित व्यक्ती स्वतः किंवा तिच्या वतीने दुसरा कोणीही तिथे तक्रार करू शकतो. हे शेवटचे शब्द लक्षात ठेवा. ज्याला मार बसला, त्याला पुढे येण्याचे धैर्य नसेल, तर त्याच्या वतीने आपण जाऊ शकतो.

तक्रार लिहावी कशी? दिनांक, वेळ, स्थळ, छातीवरील पट्टीवरचे नाव, गाडीचा क्रमांक, साक्षीदार आणि घडले तसे. विशेषणे नकोत, ऐकीव मजकूर नको, राजकीय शेरेबाजी तर नकोच. एक वाक्य अतिशयोक्तीचे निघाले की उरलेली दहा खरी वाक्येही संशयास्पद ठरतात. इजा असेल, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात तपासणी करून कागद घ्यावा. प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही कॅमेरे असावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी दिला आहे. चित्रण कायम राहत नाही, म्हणून ते राखून ठेवावे, ही मागणी पहिल्याच अर्जात करावी.

हे सारे कायदे असूनही माणूस गप्प का बसतो? कारण त्याला उद्याही त्याच गावात राहायचे असते आणि त्याच ठाण्यावरून जायचे असते. ही भीती खोटी नाही. तिला भित्रेपणा म्हणून हिणवू नये. तिच्यावर उपाय एकच, तो म्हणजे सोबत. अर्जदाराबरोबर ठाण्यात दोन जाणती माणसे गेली की बोलणाऱ्याचा स्वर बदलतो. अर्ज लिहून देणारा एखादा निवृत्त शिक्षक, रुग्णालयात नेणारा एखादा तरुण, महिलेबरोबर जाणारी शेजारची ताई. यासाठी पद लागत नाही, देणगी लागत नाही. आणि ही सोबत तक्रारदाराची जात, पक्ष अथवा वस्ती विचारून द्यायची नसते. आज ‘तो आपला नाही’ म्हणून आपण गप्प बसलो, तर उद्या आपल्या दारी येऊन उभा राहणारा कोणी उरणार नाही.

गडबसारख्या गावात पाच माणसांनी एवढे जरी मनावर घेतले, तरी पुरेसे आहे. पाच जणांची नावे आजच ठरवा, एक वही करा आणि पोचेच्या प्रती तिच्यात लावत चला. चांगला अधिकारी त्या वहीला कधी भिणार नाही. त्याला तिचा आधारच वाटेल.