सर्टिफिकेट करू की नको?



आयोजकांनी मला 'आयटीमधलं करिअर' असा मोठा विषय दिला आहे. मी त्यातला एकच प्रश्न घेणार आहे, कारण तो गेल्या वर्षी माझ्याच घरात उभा राहिला. सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं सर्टिफिकेट करावं की नाही?

मी इंजिनिअर आहे, बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. गेल्या वर्षी टीमचे लिनक्स सर्व्हर सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. रेड हॅटची आरएचसीएसए ही परीक्षा द्यावी का, असा विचार सुरू झाला. त्याच महिन्यात खालाचा फोन आला. तिची मुलगी तेव्हा बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला होती. एका क्लासने तिला याच परीक्षेचं पॅकेज सांगितलं होतं, वर 'शंभर टक्के प्लेसमेंट'. खाला म्हणाली, "भिशी लागलीय. पैसे भरून टाकू का? तू सांगशील तसं."

ती भिशी म्हणजे खालाने शिलाई करून साठवलेले पैसे. मला पटकन उत्तर देता येईना. त्याला एक कारण आहे, ते आज तुम्हाला सांगतो.

पंचविशीत मी दुसऱ्या एका कंपनीची बहुपर्यायी परीक्षा दिली होती. बाजारात डम्प मिळतात, म्हणजे फुटलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. मी ते पाठ केले आणि पास झालो. अम्मीने मिठाई वाटली. अब्बांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. त्यांनी एवढंच विचारलं, "काम येतं ना?" मी हो म्हणालो. दोन महिन्यांनी एका मुलाखतीत समोरच्या माणसाने माझं सर्टिफिकेट बाजूला ठेवलं, लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "या मशीनची डिस्क भरलीय. कशाने भरली ते शोध." मला पहिली कमांडही सुचली नाही. घरी येऊन मी सांगितलं, जागा आधीच भरली होती. अब्बांना खरं सांगायला मला गेलं वर्ष उजाडावं लागलं.

म्हणून खालाला म्हटलं, महिनाभर थांब, आधी आम्ही दोघं परीक्षा नीट समजून घेतो.

सगळी सर्टिफिकेटं सारखी नसतात. काही परीक्षांत पर्याय निवडायचे असतात. आरएचसीएसएमध्ये पर्याय नाहीत. तीन तास, समोर चालू मशीन आणि कामांची यादी. युजर आणि ग्रुप तयार करा, परवानग्या लावा, डिस्कचे भाग वाढवा, फायरवॉल आणि एसईलिनक्स नीट बसवा. इंटरनेट नाही, फक्त मशीनवरची मदतपानं. ३०० पैकी २१० गुण मिळाले तर पास. आणि एक अट मला फार आवडते. मशीन रीबूट झाल्यावरही तुमचं काम टिकलं पाहिजे. डिस्क जोडलीत, पण एफएसटॅब फाइलमध्ये नोंद केली नाहीत, तर रीबूटनंतर ती गायब. नोंद चुकीची केलीत, तर मशीन सुरूच होत नाही, इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं.

हे अब्बांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "मग आमच्यासारखंच की. मोटार लोडवर चालवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला देतो का मी?"

आता पैशाचं. या परीक्षेचा अभ्यासक्रम रेड हॅटच्या साइटवर सगळ्यांसाठी खुला आहे. २०२१ पासून त्यांचं डेव्हलपर सबस्क्रिप्शन एका व्यक्तीला १६ मशीनपर्यंत मोफत मिळतं. तेही नको असेल तर अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स आहेत, जवळजवळ तसेच आणि फुकट. आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून दोन छोटी मशीनं आरामात चालतात. म्हणजे शिकायला लागणारा खर्च जवळपास शून्य. पैसे लागतात ते परीक्षेच्या फीला. शिवाय हे सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, मग पुन्हा परीक्षा. आयुष्यभराची पदवी समजून पैसे घालू नका.

मग परीक्षा द्यायचीच कशाला? आपल्यापैकी अनेकांच्या घरात आयटीमध्ये कोणी नाही. ओळख नाही, रेफरल नाही. अशा वेळी तिसऱ्याने तपासून दिलेला आणि ऑनलाइन पडताळता येणारा पुरावा उपयोगी पडतो. अर्जाच्या ढिगातून तो तुम्हाला वर काढू शकतो. नाव वाचूनच थांबणारा माणूस त्याने बदलेल, असं मात्र मी म्हणणार नाही. आणि दार उघडल्यावर आत लॅपटॉप तुमच्याकडे वळवला जाणारच आहे.

मी आणि बहिणीने स्वतःला तीन प्रश्न विचारले. पहिला, ज्या नोकऱ्या हव्यात त्यांच्या वीस जाहिराती उघडून बघितल्या तर किती ठिकाणी हे सर्टिफिकेट मागितलंय? दुसरा, अभ्यासक्रमातलं प्रत्येक काम नोट्स न बघता करून, रीबूट करून दाखवता येतं का? तिसरा, पैसे कोणाचे आणि नापास झालो तर घरात काय अडेल?

माझ्या बाबतीत काम रोजचं होतं आणि फी ऑफिस देणार होतं. मी नाव नोंदवलं. बहिणीच्या जाहिरातींत जास्त मागणी कामाच्या अनुभवाची होती आणि दुसऱ्या प्रश्नाला तिचं उत्तर 'अजून नाही' होतं. ती म्हणाली, "भाईजान, मग आत्ता फी नको." क्लास रद्द झाला. भावाच्या जुन्या लॅपटॉपवर ती रोज दीड तास बसते. मशीन मुद्दाम बिघडवते, दुरुस्त करते आणि काय चुकलं ते वहीत लिहिते. भिशीचे पैसे खालाकडेच आहेत. परीक्षेची तारीख बहीण ठरवेल, क्लासवाला नाही.

डम्प कोणी पाठवला तर उघडू नका. परीक्षेआधी गोपनीयतेच्या अटी आपण मान्य केलेल्या असतात, डम्प वापरल्याचं उघड झालं तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. आणि नाही झालं उघड, तरी घरी कोणीतरी विचारतंच, "काम येतं ना?"

कार्यक्रम संपल्यावर मी इथेच आहे. ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी बसा, पहिलं मशीन आजच उभं करू.