‘कन्यादान’ वाचताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मालेहून पुण्यास नाटकाला जायचे आणि रात्री परत यायचे, हे आपणा संसारी बायकांना जमणारे नव्हे. म्हणून यंदा आपण नाटकच मंडळात आणले. विजय तेंडुलकरांचे ‘कन्यादान’ आपण पाळीपाळीने मोठ्याने वाचले. हे नाटक १९८३ सालचे. १९९३ चा सरस्वती सन्मान तेंडुलकरांना याच नाटकासाठी मिळाला.

कथा तुमच्या ध्यानात आहेच. नाथ हे समाजवादी पुढारी. पत्नीचे नाव सेवा, मुलाचे जयप्रकाश. नावांवरूनच घराचे वळण कळावे. मुलगी ज्योती दलित कवी अरुणशी लग्न करायचे म्हणते. आई, भाऊ कचरतात. नाथांना मात्र धन्यता वाटते. जात मोडण्याचे व्याख्यान आता घरात खरे होणार! पुढे अरुण दारू पितो, ज्योतीला मारतो. ती माहेरी येते. तरी हे लग्न मोडू नये असेच नाथांना वाटते. शेवटी, जावयाचा हात लेकीवर उठतो हे ठाऊक असूनही नाथ त्याच्या पुस्तकाची सभेत स्तुती करतात. ते खोटे ज्योतीला सहन होत नाही. ती बापाला जाब विचारते आणि नवऱ्याच्या घरी निघून जाते.

वाचन संपल्यावर एक भगिनी म्हणाल्या, “म्हणूनच जातीबाहेर देऊ नये.” त्या दिवशी मी गप्प राहिले. त्याची चुटपुट लागली आहे, म्हणून आज बोलते.

भगिनींनो, नवऱ्याचा मार काय एकाच जातीच्या घरात असतो? पदराआड लपवलेले वळ आपण सर्वच आळ्यांत पाहिले आहेत. आपल्यातला नवरा मारतो तेव्हा आपण म्हणतो, “स्वभाव तापट आहे.” दुसऱ्या जातीतला मारतो तेव्हा म्हणतो, “जातच तशी.” ही दोन मापे कशाला? अशा अर्थाची तक्रार अनेक दलित वाचकांनी या नाटकाविरुद्धही केली. ती मला रास्त वाटते. अरुणचा अपराध अरुणचा. त्याची जात आरोपी नव्हे. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदाही मारणाऱ्याची जात विचारत नाही.

दुसरी गोष्ट नाथांची. मुलीला त्यांनी चांगलेच शिकवले, यात शंका नाही. पण तिची पाठ काळीनिळी झाली तेव्हा त्यांना मुलीआधी आपले तत्त्व दिसले. दान दिले की हात झटकता येतात. शिकवण दिली की झटकता येत नाहीत. मुले मोठी होतात ती आपल्या शब्दांनी नव्हे, आपण शब्दाला जागतो की नाही हे पाहून. ज्योती मोठी झाली ती बापाचे खोटे ओळखले तेव्हा. मात्र मार सोसायला परत गेली, एवढे तिचे मला पटत नाही.

तेव्हा आपल्या लेकींना आपण दोन्ही सांगू या. जात पाहून माणूस जोखू नकोस. आणि कोणत्याही जातीच्या हाताचा मार सोसू नकोस. माहेरचे दार उघडे आहे.

हे आपण नुसते सांगितले आणि वेळेला दार लावून घेतले, तर मग आपणही नाथच.