परसबागेतील वर्ग
(हीरक महोत्सवी समारंभात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षांचा हिशेब मांडण्याच्या या प्रसंगी शाळेच्या परसबागेतील चार वाफ्यांकडे मी आपले लक्ष वेधू इच्छिते. काही पालक विचारतात, ‘मुलांनी शाळेत माती उकरायची, तर अभ्यास केव्हा करायचा?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. तोच ‘नई तालीम’ म्हणून ओळखला जातो. सेवाग्रामच्या ‘आनंद निकेतन’ या मराठी शाळेत मुले आजही शेती व स्वयंपाक करता करता गणित, विज्ञान आणि भाषा शिकतात.

आपल्या जबलपूरचा वाटाणा प्रसिद्ध आहे. त्याचाच एक वाफा घ्या. पेरलेले दाणे आणि उगवलेली रोपे मोजली की शेकडेवारी समजते. रोप अलगद उपटले की मुळांवरच्या गाठी दिसतात. त्यांतील जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात, हे मग घोकावे लागत नाही. शेंगा आणि सोललेले दाणे वेगवेगळे तोलले की बाजारभावाचा अर्थ उलगडतो. स्वतः वाढवलेली भाजी पानात टाकताना मुलाचा हातही अडखळतो.

याहून मोलाची गोष्ट भाषेची. या गावात राहून मुले हिंदी बोलणारच. परंतु आता आपल्या स्वयंपाकघरांतही गिलकी, लौकी, बरबटी रुळल्या आणि घोसाळे, दुधी, चवळीच्या शेंगा मागे पडल्या. ‘रोपाला आळे कर’, ‘वेल मांडवावर चढव’, ‘खुरपे दे’ असे म्हणता म्हणता हरवलेले शब्द जिभेवर परततात. मंडला-डिंडोरीकडचा कोदो म्हणजेच कोकणातला हरीक, हे उमगले की दोन मुलूख एका धान्याने जोडले जातात.

महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा टिकवायची, तर अभिमानाच्या जोडीला मराठीतून करण्याजोगे रोजचे काम हवे. ते या वाफ्यांत आहे. ही जागा वाहनतळासाठी द्यावी, अशी सूचना पुढे आली आहे. माजी विद्यार्थ्यांनी ती राखण्यास आमच्या पाठीशी उभे राहावे. पालकांनी आणि आजी-आजोबांनी आठवड्यातून एक तास यावे. येताना घरचे बियाणे आणि त्या भाजीची घरची कृती सोबत आणावी.