उतरायचं कुठून?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

मी दरेकशाचा. हावडा-मुंबई लोहमार्गावर गोंदियाहून डोंगरगडच्या दिशेनं निघालात की आमगाव जातं, सालेकसा जातं, मग दरेकसा येतं. पुढं बोगदा लागतो, आणि थोड्याच वेळात छत्तीसगड सुरू होतं. आमच्या गावापासून मुंबईचा समुद्र रेल्वेनं सुमारे हजार किलोमीटर. अशा गावच्या माणसानं समुद्रात तोंड बुडवून मासे कसे बघावेत यावर बोलावं, हे काहींना गमतीचं वाटेल. वाटू द्या. समुद्राकाठचा माणूस समुद्राला इतका सरावलेला असतो की नवख्याला भीती नेमकी कशाची वाटते, हे त्याला सांगता येत नाही. मला सांगता येतं.

डोळ्यांवर काचेचा मास्क, तोंडात श्वासाची वाकडी नळी, आणि पाण्यावर पालथं तरंगत खालचं जग पाहायचं, याला स्नॉर्कलिंग म्हणतात. खोल बुडी मारायची नसते, पाठीवर हवेची टाकी नसते. स्नॉर्कल हा शब्द मूळचा जर्मन. पाणबुडीला हवा पुरवणाऱ्या नळीचं ते नाव. आता सुट्टीला जाणाऱ्यांच्या पिशवीत ती नळी असते. मालवणला, अंदमानला, लक्षद्वीपला आपली माणसं हे करू लागली आहेत. त्यातली बहुतेक माझ्यासारखी, समुद्र न पाहता वाढलेली. म्हणून आज एवढाच विषय घेतो, की पाण्यात उतरायचं कुठून?

आमच्या भागात तलाव पुष्कळ. मालगुजारांच्या काळातले, कोहळी लोकांनी बांधलेले. तलावाला एक बाजू पारीची असते. तिथं पाणी खोल, उतार उभा. पारीत जिथं तुडुम असतं, म्हणजे शेताला पाणी सोडण्याची जागा, तिथं पाण्याला ओढ असते. तिच्या जवळपास ढिवर आपल्या पोरांना फिरकू देत नाही. दुसरी बाजू रानाकडची. तिथं पाणी पसरत पसरत पातळ होत जातं. जनावरं पाण्यात शिरतात ती याच बाजूनं. म्हशीला कोणी शिकवलेलं नसतं, पण खुराखालची माती घट्ट आहे की चिखल आहे हे पाहून ती पुढचा पाय टाकते. लहानपणी आम्हाला सांगितलं जाई, जिथून म्हैस उतरते तिथून उतरा. पाण्याविषयी मी पुढं जे काही वाचलं, ऐकलं, त्यात याहून शहाणं वाक्य मला सापडलेलं नाही.

ढिवराचं पोर सुक्या भोपळ्याच्या सांगडीवर पोहायला शिकतं. शिंगाडे काढायला तलावात शिरणारा माणूस हातात बांबू ठेवतो, आधी बांबू टेकवतो, मग पाय. आणि बाहेर कुठून यायचं ते त्यानं आत शिरण्याआधीच ठरवलेलं असतं.

याच्या उलट आमचा हाजरा फॉल. दरेकसा स्टेशनपासून जवळच आहे. पावसाळ्यात गोंदिया, नागपूर, छत्तीसगडकडून माणसं लोटतात. उर्दूत हजारा म्हणजे कारंजं. नावाचा उगम तोच असं मी म्हणत नाही, पण ऑगस्टात धबधब्यासमोर उभं राहिलं की तो शब्द आठवतो. लोकांना धबधब्याच्या अगदी खाली जायचं असतं. कोणत्याही धबधब्याची तीच जागा सगळ्यात वाईट. दगडांवर शेवाळ असतं. पडत्या पाण्यानं तळ कोरलेला असतो, त्यामुळे गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोहात पडू शकतं. आणि ते पांढरं फेसाळ पाणी दिसायला सुंदर असलं तरी त्यात हवा मिसळलेली असते. ते अंग तोलून धरत नाही. चांगला पोहणाराही त्यात खाली जातो. वर डोंगरात पाऊस झाला तर खाली ऊन असतानाही पाणी चढतं. पाण्याशी खेळायचंच असेल तर खूप खाली, प्रवाह पसरतो, तळाची वाळू दिसते आणि पाणी पोटरीच्या वर येत नाही अशा जागी, आणि पाऊस नसताना. पण तिथं फोटो चांगला येत नाही.

माझी भाची नेदरलँड्सला असते. एका सुट्टीत ती नवऱ्याबरोबर कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटावर गेली. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरचं हे छोटं बेट डच अमलाखाली आहे. तिथून तिचा फोन आला, “मामू, इथं रस्त्याच्या कडेला पिवळे दगड ठेवलेत. प्रत्येकावर नाव लिहिलंय. दगड दिसला की गाडी थांबवायची आणि तिथून पाण्यात उतरायचं.” मला ही कल्पना इतकी आवडली की मी तिच्याकडून सगळं खोदून खोदून विचारून घेतलं. त्या बेटावर वारा जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून वाहतो. म्हणून पूर्वेचा किनारा खवळलेला आणि पश्चिमेचा, वाऱ्याच्या आडोशाचा, शांत. दगड या आडोशाच्या बाजूला. भरती-ओहोटीतला फरक फूट-दीड फुटाच्या आत. प्रवाळाची रांग किनाऱ्यापासून जवळच सुरू होते, होडी लागत नाही. १९७९ पासून बेटाभोवतीचा समुद्र संरक्षित आहे. हातमोजे घालायला बंदी, कारण हातमोजे घातले की माणसाला प्रवाळ धरावंसं वाटतं. अर्थात सगळ्या जागा सोप्या नाहीत. काही ठिकाणी तुटक्या प्रवाळाच्या खड्यांवरून चालावं लागतं, त्याला जाड तळव्याचे बूट हवेत. एका जागेचं नाव ‘हजार पायऱ्या’. प्रत्यक्षात शंभरही नाहीत. ओझं घेऊन वर चढताना हजार वाटतात म्हणे.

आपल्याकडे पाट्या आहेत. ‘पाण्यात उतरू नये’, ‘धोका’, ‘खोल पाणी’. त्या हव्यातच. पण इथून उतरा, इथं तळ वाळूचा आहे, इथून बाहेर या, असं सांगणारा दगड मी क्वचितच पाहिला. नुसती मनाई वाचून माणूस थांबत नाही. तो पाटीच्या पलीकडे जातो आणि पहिली दिसेल ती वाट धरतो. प्रत्येक गावात एखादा ढिवर, एखादा कोळी, एखादी म्हातारी असते जिला ती दुसरी जागा ठाऊक असते. तिला विचारून दगड रंगवायला किती खर्च येईल?

आता मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातला समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे, स्पंज आहेत, समुद्रफुलं आहेत. पर्यटकांना होडीतून तिथं नेतात, मास्क देतात, धरायला रबरी ट्यूब देतात, सोबत पोहणारा मुलगा असतो. पुष्कळांचं पहिलं दर्शन असंच होतं, आणि माणसं चांगली असली तर छान होतं. पण होडीतून उतरणं म्हणजे पहिल्याच पावलाला पायाखाली काही नसणं. शिवाय होडी हाही भरवशाचा विषय असावा लागतो. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. लाइफ जॅकेट सगळ्यांना आहे का, ते अंगावर बांधलंय की बाकाखाली ठेवलंय, माणसं किती भरलीत, हे विचारायला लाजू नये. ‘होतंय की सगळं’ असं उत्तर आलं तर उतरून परत यावं.

आमची बेगम होडीत चढायलाच तयार नव्हती. आयुष्यभर विहिरीचं, नळाचं, तलावाचं पाणी डोक्यावर वाहिलं, पण पाण्यात ती कधी शिरली नव्हती. आमच्याकडच्या कितीतरी बायका अशाच आहेत, सगळ्या धर्मांच्या. घाटावर कपडे धुतात, पोरांना पोहताना बघतात, स्वतः घोट्यापुढं जात नाहीत. एक कारण भीती, दुसरं कपडे. ओली साडी किंवा ओढणी पायात गुंतते, जड होते, आणि लाट आली की खरोखर धोक्याची ठरते. आता घोट्यापर्यंतचे, पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे पोशाख मिळतात, डोक्याला घट्ट टोपीही. हे फक्त आमच्या समाजासाठी आहे असं समजू नका. ऊन आणि जेलीफिश टाळण्यासाठी तिथला शिकवणारा मुलगाही तसाच झाकलेला होता.

त्यानंच सुचवलं, होडी नको, चिवला किनाऱ्यावर या. चिवला म्हणजे मालवण गावाला लागून असलेला अर्धचंद्राकृती किनारा. लाटांचा जोर बेतानं, तळ वाळूचा, कडेला खडक. आम्ही गेलो ते जानेवारीत. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं आणि ते योग्यच. पाऊस सरल्यावर पाणी निवळायला वेळ लागतो, थंडीत ते बरं दिसतं. तरी जाहिरातीतल्यासारखं निळं काचेचं पाणी मनात धरून जाऊ नका. आपला समुद्र तसा नाही. आणि देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तसल्या नदीमुखाशी तर नवख्यानं हे करूच नये. पाणी गढूळ, आणि ओहोटीला नदी आणि समुद्र दोघं मिळून बाहेर ओढतात.

त्या मुलानं आम्हाला आधी वाळूत बसवलं. चांगली पंधरा मिनिटं. लाटा एकसारख्या येत नाहीत. काही लहान येतात, मग दोन-चार मोठ्या, मग परत शांत. ते कळेपर्यंत उठायचं नाही. लाटा फुटताहेत त्या रांगेत एखादी जागा गुळगुळीत, गडद किंवा गढूळ दिसली तर ती सोपी वाट समजून तिथं जाऊ नये, कारण किनाऱ्यावर चढलेलं पाणी तिथूनच आत परततं. त्या ओढीत कधी सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका, दम तिथंच संपतो. किनाऱ्याला समांतर जा, ओढ अरुंद असते, सुटलात की मग वळा. नाहीच जमलं तर तरंगत राहा आणि हात वर करा.

मग मास्क. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकानं श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तो आपला. काचेवर आतून थुंकी चोळून पाण्यानं विसळली की वाफ धरत नाही. बेगमनं तोंड वाकडं केलं, पण केलं. माझा मास्क गळत होता. वरच्या ओठावर केस असले की तिथून पाणी शिरतं. दाढीला अडचण नाही, अडचण मिशीची. मिशी बारीक ठेवायची आणि दाढी राखायची ही आमची जुनीच रीत समुद्राला मानवते, हे मला त्या दिवशी कळलं.

नळी हातभरही लांब नसते, त्याला कारण आहे. नळी लांब करून खोल जाऊ असं कोणाला वाटेल, पण पाण्याचा दाब छातीवर बसतो आणि फुप्फुसाला हवा खेचता येत नाही. नळीत पाणी आलं तर जोरात फुंकर मारायची. रक्तदाबाचा, हृदयाचा त्रास असेल तर घरून निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आमच्या वयाला हे लागू आहे.

“काकी, भियाव नकात, पाय टेकतत हंय,” तो म्हणाला, आणि ती त्याचा हात धरून निघाली. पाय उचलून टाकायचे नाहीत, वाळूत घासत न्यायचे. वाळूखाली पाखट बसलेलं असलं तर चाहूल लागून ते निघून जातं. कमरेएवढ्या पाण्यात थांबायचं. पायाला फिन्स लावायच्या तर तिथं, किनाऱ्यावर लावून चालत यायचं नाही. आम्हाला त्यानं दिल्याच नाहीत, त्याचं बरोबर होतं. मग नुसतं वाकून तोंड पाण्यात. पहिल्यांदा तिनं दोन श्वासांत डोकं वर काढलं. दुसऱ्यांदा चार. तिसऱ्यांदा मी मोजायचं सोडलं, कारण तिचे पाय वाळूवरून सुटले होते आणि तिला ते कळलंही नव्हतं.

पाण्याखाली वस्तू आहे त्यापेक्षा मोठी आणि जवळ दिसते. त्यामुळे खडकाशी फिरणारे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे बोटभर मासे तिनं नंतर विताएवढे सांगितले. मी दुरुस्त केलं नाही. प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभं राहायचं नाही. तो दगड दिसला तरी असंख्य बारीक जिवांची वसाहत आहे. परतताना समुद्राकडे पाठ करायची नाही, मागून येणाऱ्या लाटेवर नजर ठेवत यायचं.

वाळूत बसून तिनं त्या मुलाला उद्याची वेळ विचारली. भरती पूर्ण होऊन पाणी क्षणभर थांबतं तेव्हा उतरणं सोपं, आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाण्याची हालचाल कमी. नवख्यानं भांगाचे दिवस धरावेत, पण रजा तेव्हाच मिळेल असं नाही. “आज द्वादशी,” तो म्हणाला. “आज चाँदची अकरा,” ती म्हणाली. तिथीत आणि आमच्या तारखेत एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक असतोच. दोघांनी बोटांवर हिशेब केला आणि सव्वानऊवर एकमत झालं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, “अजी, तेवढी मिशी अजून थोडी कापा.”