बेसिनची जलजोडणी

न्हाणीघरात नवे बेसिन भिंतीला पक्के बसले, म्हणजे काम फत्ते झाले असे गृहस्थास वाटते. परंतु भिंतीतून डोकावणाऱ्या अर्ध्या इंची नळतोंडापासून तोटीपर्यंत पाणी निर्वेधपणे पोहोचविण्याची तजवीज अद्याप व्हावयाचीच असते. प्रथम मुख्य चावी बंद करून नळात अडकलेले पाणी बादलीत उतरवावे, आणि मग त्या नळतोंडात बसवावयाच्या अँगल कॉकच्या आट्यांवर टेफ्लॉनची पांढरी फीत, आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळावी. उलट गुंडाळलेली फीत कॉक पिळताना सुटून गोळा होते, आणि गळतीचा ठपका मात्र बिचाऱ्या कॉकवर येतो. पूर्वी हेच कार्य सफेदा आणि सूत करीत असत.

यापुढची पायरी हटकून गाळली जाते. लवचीक कनेक्शन पाइप जोडण्यापूर्वी मुख्य चावी सोडून कॉक क्षणभर उघडावा आणि नव्या नळकामात साचलेली वाळू आणि सिमेंटचे कण बादलीत वाहू द्यावेत; अन्यथा तो सारा गाळ थेट तोटीच्या जाळीत जाऊन बसतो आणि नवी कोरी तोटी पहिल्याच दिवशी रडू लागते. पाइपाच्या नटात रबरी वायसर असल्यामुळे तेथे फितीचे प्रयोजन नाही; नट हाताने आवळून पान्याने जेमतेम पाव फेरा द्यावा, कारण अधिक बळ लावल्यास वायसर चिरडतो. गरम पाण्याची नळी डावीकडे जोडण्याचा रिवाज आहे. मग कॉक सावकाश उघडून प्रत्येक सांध्याभोवती कोरडा कागद फिरवावा, म्हणजे बोटाला न जाणवणारा ओलावाही त्यावर उमटतो. आणि हीच तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा करावी.