आमदारही मतदार असतो!



आमदाराचे काम काय, असे मोहल्ल्यात कुणालाही विचारा. गटार, रस्ता, कब्रस्तानची भिंत, दवाखान्यासाठी चिठ्ठी, अशी उत्तरे मिळतील. यातली बरीच कामे नगरसेवकाची आहेत. आमदाराला आपण विधानभवनात पाठवतो ते मुख्यतः कायदे करायला. आणखी एक काम त्याच्याकडे असते, त्याबद्दल आपण क्वचितच बोलतो. आपल्या मतावर निवडून गेलेला आमदार स्वतःही मतदार असतो.

महाराष्ट्राच्या विधानसभेत 288 आमदार आहेत. राज्यसभेतले राज्याचे 19 खासदार तेच निवडतात. विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 30 जागा त्यांच्याच मतांनी भरतात. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आपल्या प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य 175 धरले जाते. ते 1971 च्या लोकसंख्येवरून काढलेले आहे. म्हणजे आपण एकदा बटण दाबतो, पण त्याचा परिणाम राष्ट्रपती भवनापर्यंत पोहोचतो. "माझ्या एका मताने काय फरक पडतो?" असे म्हणणाऱ्यांनी मालेगाव मध्यचा 2024 चा निकाल आठवावा. फरक होता 162 मतांचा. आपल्याकडे लग्नाच्या दावतीला याहून जास्त माणसे जेवतात.

दुसरी गोष्ट स्थानिक निवडणुकांची. निवडणूक आयोग घेतो. पण महापालिकेत नगरसेवक किती, महिलांना जागा किती, हे कायद्याने ठरते आणि तो कायदा विधिमंडळ करते. 2011 मध्ये विधिमंडळाने स्थानिक संस्थांत महिलांना 50 टक्के जागा दिल्या. आपल्या कितीतरी बहिणी त्यामुळेच नगरसेविका झाल्या. याच अधिकाराची दुसरी बाजूही आपण पाहिली. मुंबईतल्या जागा 227 वरून 236 झाल्या आणि 2022 मध्ये पुन्हा 227. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्येच संपली होती. ओबीसी आरक्षणाचा वाद आणि हे फेरबदल यांत निवडणूक रखडली, शहर कित्येक वर्षे प्रशासकाच्या हाती राहिले. तुमच्या आमदाराने तेव्हा सभागृहात काय भूमिका घेतली, हे तुम्ही त्याला विचारले का?

आता सदस्यत्वाबद्दल. विधानसभेसाठी वयाची 25 वर्षे पूर्ण हवीत, परिषदेसाठी 30. विधानसभेत 29 जागा अनुसूचित जातींसाठी आणि 25 जमातींसाठी राखीव आहेत. धर्मावर राखीव जागा नाहीत. 2011 च्या जनगणनेत राज्यात मुस्लिम साडेअकरा टक्के होते. 2024 मध्ये मुस्लिम आमदार निवडून आले 10. ही तफावत बोचणारी आहे आणि पक्षांना तिकिटांचा जाब विचारायलाच हवा. पण आडनाव पाहून मत द्या, असे मी सांगणार नाही. त्याच सभागृहात महिला फक्त 21 आहेत, हेही तेवढ्याच तळमळीने बोललो तरच आपली तक्रार न्यायाची ठरेल. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंसोबत सात मुस्लिम महिला मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी होती. त्यांच्यामागे ना पक्ष होता, ना जमात. कायद्याचा प्रश्न कायदा करणाऱ्यांच्या दारात न्यायचा असतो, हे त्या सातजणींनी आपल्याला शिकवले.

शेवटी एक साधे काम सांगतो. विधान परिषदेत पदवीधरांच्या 7 जागा आहेत. पदवीला तीन वर्षे झालेला, त्या विभागात राहणारा कुणीही तिथे मतदार होऊ शकतो. मात्र ही यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून इथे आपोआप येत नाही. अर्ज क्रमांक 18 भरावा लागतो. आपल्या घरात पदवी घेणारी पहिली पिढी तुमची आहे, अनेकींच्या बाबतीत तर पहिली मुलगी. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून मिळवून दिलेल्या त्या कागदाने नोकरी मिळेल न मिळेल, मताचा आणखी एक हक्क नक्की मिळतो. तो घ्या, आणि शेजारच्या पदवीधर मुलीचाही अर्ज भरून घ्या.