दोनशे वर्षांपूर्वीचे एक पत्र



ज्या दुखण्याविषयी आजही अनेक घरांत कुजबूजसुद्धा होत नाही, त्याविषयी फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेने दोनशे वर्षांपूर्वी आपल्या बहिणीस सविस्तर पत्र लिहिले. फ्रेंच सेनाधिकाऱ्याशी विवाह झालेल्या या बाई तेव्हा पॅरिसमध्ये राहत होत्या. १८१० च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या स्तनात वेदना सुरू झाली. पतीने वैद्यांना दाखविण्याचा आग्रह धरला, परंतु संकोचापोटी त्यांनी तो बराच काळ मानला नाही. अखेर डॉक्टरांनी कर्करोगाचे निदान केले. आजच्यासारखी सूक्ष्मदर्शकाची तपासणी त्या काळी नव्हती.

३० सप्टेंबर १८११ रोजी नेपोलियनच्या सैन्यातील प्रख्यात शल्यवैद्य लॅरे यांनी घरीच शस्त्रक्रिया केली. रुग्णास बेशुद्ध करण्याची रीत आली ती १८४६ नंतर. बाईंना मिळाले केवळ थोडे मद्य. पतीला हे पाहणे असह्य होईल म्हणून त्यांना घराबाहेर ठेवण्याची व्यवस्था बाईंनीच केली होती. चेहऱ्यावर कॅम्ब्रिकचा रुमाल टाकण्यात आला. कॅम्ब्रिक हे तलम पोताचे कापड. कापडाच्या जाणकारास हे निराळे सांगावयास नको की, त्यातून आरपार दिसते. बाईंना पात्याची चमक दिसली. स्तन कोण धरणार, असे शल्यवैद्यांनी विचारताच, आपण स्वतः धरू, असे त्या म्हणाल्या. वीस मिनिटे ते चालले. पुढे हे सारे लिहावयास त्यांना कित्येक महिने लागले आणि लिहिलेले पुन्हा वाचण्याचे धैर्य झाले नाही. पतीने त्या पत्राखाली आपल्याही काही ओळी जोडल्या.

बाई त्यानंतर अठ्ठावीस वर्षांहून अधिक जगल्या. १८४० मध्ये, सत्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

चाकूची ती भीती आज उरलेली नाही. गाठ लहान असताना कळली, तर पुष्कळ वेळा केवळ गाठ काढून स्तन राखता येतो व नंतर किरणोपचार देतात. केमोथेरपीने गेलेले केस बहुधा पुन्हा येतात. काही रुग्णांना पाच ते दहा वर्षे रोज एक गोळी घ्यावी लागते. बरे वाटू लागले म्हणून ती मध्येच सोडून देणे हा फार महागात पडणारा व्यवहार आहे. काखेतील ग्रंथी काढल्या असल्यास हाताला सूज येऊ शकते, त्यासाठी शिकविलेला व्यायाम नेमाने करावा लागतो. घरातील मंडळी हे सारे महिनाभर सांभाळतात आणि मग विसरतात.

भीती गेली, संकोच मात्र तसाच आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईत पस्तीस ते चौसष्ट वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. त्यांपैकी एका गटातील स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने, दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा केली. यंत्र नाही की क्ष-किरण नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या गटात रोग आधीच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीच्या व त्यापुढील स्त्रियांतील मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही, हेही तितकेच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच ती लपून राहते. गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा त्यातून येणारा रक्तस्राव, यांपैकी काहीही आढळल्यास लग्नसराई उरकेपर्यंत, सुनेचे बाळंतपण होईपर्यंत थांबू नये. सासूबाईंना सांगणे अवघड वाटत असेल तर नणंदेला सांगावे, मुलीला सांगावे. आणि पुरुषमंडळींनी दवाखान्यात बाहेरच्या बाकावर न बसता डॉक्टरांसमोर पत्नीच्या शेजारी बसावे.